तीन मजल्यांचा चहा

खारदांड्यात सुगंधाच्या हाताबद्दल कुणालाही विचारा, लगेच सांगतील. फक्त आवाज खाली आणून सांगतील, आणि आधी मागे वळून बघतील. बाई त्रेचाळीस वर्षांची, बुटकी, अंगानं भरलेली. पंचवीस वर्षं मासे कापून उजवा पंजा असा घट्ट झालेला, की कुणाच्या गालावर बसला तर कान दोन दिवस वाजत राहायचा. कारण नसताना ती मारत नव्हती, हे खरं. पण कारणांना काय तोटा? तिच्याकडे ती पाटीभर असायची.

मार्केटात एका दारुड्यानं तिच्या पदराला हात घातला, तेव्हा बर्फ फोडायच्या दांडक्यानं तिनं त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवशी सगळ्या कोळणींनी तिला डोक्यावर घेतलं, आणि बरोबरच केलं. मेल्याला तेच पाहिजे होतं. पण हात एकदा सुटायला शिकला ना, की मग तो समोर कोण आहे ते बघत नाही. शेजारच्या पाटीवरच्या पार्वतीचे केस तिनं धरून ओढले, तेव्हा मूठभर केस हातात आले. नवरा हरेश्वर, होडीवर जाणारा, तोंडातून शब्द न काढणारा माणूस. त्याला एकदा वल्ह्यानं असं हाणलं, की तो आठ दिवस एका कुशीवर झोपला. विचारलं तर म्हणायचा, होडीत पाय घसरला.

आणि हेमांगी. एकुलती एक पोरगी, पाच नवसांची. तिच्यावर सुगंधाचा जीव होता. पापलेटाचा मधला तुकडा कायम तिच्या ताटात. पण मारही तिलाच सगळ्यात जास्त, कारण ती सगळ्यात जास्त समोर असायची. चौदाव्या वर्षी एकदा पोरीनं उलट उत्तर दिलं आणि सुगंधाच्या हातात तेव्हा लोखंडी उलथणं होतं. भुवईवर चार टाके पडले. डॉक्टरनं विचारलं, "कसं लागलं?" सुगंधा तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "जिन्यावरून पडले." घर तळमजल्यावर, जिना कुठला? पण डॉक्टरनं मान खाली घालून टाके घातले, आणि सुगंधानं पैसे मोजले. उलट तिला बरं वाटलं, की पोरगी शहाणी आहे.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी सुगंधा मार्केटातून लवकर आली, आणि दारातच थबकली. आत हरेश्वर जाळं विणत बसला होता आणि हेमांगी त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती.

"बाबा, दहावी झाली की मी माणिकमावशीकडे जाते, विक्रोळीला. कॉलेज तिकडंच करते. मावशी हो म्हणालीय."

"आयला सांगितलंस?"

"तुम्ही सांगा. मी सांगितलं तर मारेल."

सुगंधाच्या डोक्यावर रिकामी पाटी होती. एरवी असं काही कानावर पडलं असतं तर तिनं पाटीच फेकली असती. त्या दिवशी मात्र तिनं पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती मागल्या पावली फिरली, नाक्यावर जाऊन उगाच उभी राहिली, आणि अर्ध्या तासानं मोठमोठ्यानं खाकरत घरी आली.

दुपारी पोरगी शाळेत गेल्यावर तिनं कॉटखाली हात घातला. तिथं बॅग होती. चार ड्रेस, वह्या, मैत्रिणींनी दिलेली भेटकार्डं, आणि बाबांचा एक फोटो. सुगंधानं बॅग सगळी उलटी केली. तिचा स्वतःचा फोटो कुठेच नव्हता.

सुगंधाला ही पोरगी घरात हवी होती. दुसरं काहीही गेलं असतं तरी चाललं असतं तिला. होडी गेली असती, मार्केटातली जागा गेली असती, तरी ती उभी राहिली असती. पण त्या घरात हेमांगी नाही, नुसता हरेश्वर आणि त्याचं जाळं, हा विचारच तिला सोसवेना. आणि तिला जाऊ नको म्हणायचं कसं, ते तिला माहीतच नव्हतं. तिला एकच प्रकारे सांगता यायचं, आणि ते सांगूनच तर ही वेळ आली होती.

मार्गशीर्षात हेमांगीला सोळा वर्षं पुरी होत होती. एका संध्याकाळी सुगंधानं विचारलं, "वाढदिवसाला काय पाहिजे गो तुला?"

"काय नको."

"असं कसं नको? सांग ना."

हेमांगीनं आधी आईचे हात कुठे आहेत ते पाहिलं. हात परातीत होते, पिठात. मग तिनं मोबाईल पुढे केला. शाळेतली गार्गी, तिच्या वाढदिवसाचा फोटो. मधे एका दांडीला तीन ताटल्या एकावर एक लावलेल्या, त्यात छोटे छोटे केक, त्रिकोणी सँडविचं, आणि बाजूला फुलाफुलांची किटली.

"हे काय जेवण हाय?"

"चहा आहे गं आई. दुपारचा चहा. मोठ्या हॉटेलात असतो."

"चहाला तीन मजले?"

हेमांगी फस्सकन हसली. सुगंधानं तिला असं कधी हसताना ऐकलं होतं ते तिला आठवेना. म्हणजे घरात ऐकलं होतं, पण भिंतीपलीकडून, बापाबरोबर हसताना.

"देते तुला," सुगंधा म्हणाली. "सगळ्यात चांगला चहा देते."

"खरंच?" पोरीनं मोबाईल बाजूला ठेवला. मग नजर खाली घालून म्हणाली, "मग अजून एक दे. त्या दिवशी हात उचलायचा नाही. माझ्यावर नाही, बाबांवर नाही, कुणावरच नाही. एकच दिवस."

सुगंधाची मूठ पिठातल्या पिठात वळली. पण ती म्हणाली, "दिला शब्द."

दुसऱ्या दिवसापासून सुगंधा चहा निवडायला निघाली. सकाळचं मार्केट बाराला उठतं, संध्याकाळचं पाचला बसतं. मधला वेळ तिचा. आणि निवडायचं कसं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. माल डोळ्यांनी बघायचा, माशाचा कल्ला उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, मग बोलायचं. पन्नास पापलेटांतून शिळं एक ती अंधारात काढून दाखवायची. चहा म्हणजे काय मोठं लागून गेलं?

पहिलं दुकान खारलाच होतं, काचेचं, आत कुंड्या. ती थेट काउंटरशी गेली. "तो तीन मजल्यांचा चहा दाखव."

काउंटरवरच्या पोरीनं हसून मेन्यू पुढे केला. त्यात फोटो होता.

"फोटो बघून तू पापलेट घेतेस काय? माल दाखव, माल."

काचेमागे केक मांडले होते. सुगंधानं काच सरकवली, एक गुलाबी केक उचलला आणि बुडाला अंगठा दाबला. अंगठा आत रुतला, खड्डा तसाच राहिला. "कालचा हाय," ती मोठ्यानं म्हणाली. बसलेली माणसं वळून बघायला लागली. मॅनेजर धावत आला, "मॅडम, हात लावायचा नाही," म्हणाला, आणि तिचं मनगट धरलं. बस्स. सुगंधानं केक त्याच्या तोंडावर चेपला, आणि दुसऱ्या हातानं त्याला असा ढकलला की तो कुंड्यांवर जाऊन पडला. एक कुंडी फुटली, त्याच्या कोपरातून रक्त आलं. बाहेर येऊन साडीला हात पुसत ती स्वतःशीच म्हणाली, वाढदिवस अजून लांब हाय. शब्द त्या दिवसाचा हाय.

दुसरं हॉटेल अंधेरीला, विमानतळाच्या रस्त्यावर. तिथं तर दारातच बोंब झाली. ती मार्केटातून तशीच गेली होती, घाईत. सिक्युरिटीवाल्यानं नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मच्छीवाली, पीछे के गेट से." सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याची कॉलर धरली. त्याची बटणं तुटून फरशीवर उडाली. त्यानं तिला दंडाला धरून फेकली, ती उठली आणि परत त्याच्यावर गेली. तिघांनी मिळून तिला रस्त्यावर आणून सोडली. गुडघा सोललेला, बांगड्या फुटलेल्या. रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं. गुडघ्याचं नव्हतं ते. तिला वाटलं, आज पोरगी बरोबर असती तर?

त्या रात्री तिनं लिंबानं, मग बेसनानं, मग परत लिंबानं हात घासले. हरेश्वर बघत होता. शेवटी तो म्हणाला, "जुहूला एक हाय. समुद्रासमोर. तिथं वर्सोव्याचा प्रितम वेटरांचा कप्तान हाय, आपल्या सुक्या मच्छीच्या बाजारातल्या काकीचा जावई. त्याला भेट."

तिसऱ्या हॉटेलात सुगंधा आंघोळ करून, जरीची साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून गेली. प्रितम तिशी उलटलेला माणूस, काळा कोट, केस विरळ झालेले. "या मावशी," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून दिली. आयुष्यात कुणी तिच्यासाठी खुर्ची ओढली नव्हती. तिला वाटलं हा खुर्ची काढून घेतोय, आणि हात उठायच्या बेतात होता, तेवढ्यात खुर्ची तिच्या पायाला लागली.

"मना माल बघायचाय," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली.

प्रितम हसला नाही. आत गेला, सगळा थाळा सजवून घेऊन आला. "खालच्या ताटलीत सँडविच. मधलीत हे गरम पाव, साय आणि जाम लावून खायचे. वरती गोड. खालून सुरू करायचं आणि वर जायचं. बघा, दाबून बघा." तिनं पाव दाबला. तो खाली गेला आणि हळूहळू वर आला, ताज्या माशासारखा. काकडीचं सँडविच उघडून तिनं काकडीचा वास घेतला. चहाचे आठ डबे त्यानं एकेक उघडून तिच्या नाकाशी धरले, आणि तिनं त्यातला सगळ्यात साधा निवडला, कारण त्याला चहाचा वास होता. बाकीच्यांना साबणाचा येत होता.

"हाच," ती म्हणाली. "गुरुवारी साडेतीनला. खिडकीशी बसव. माझी पोरगी सोळा वर्षांची होते."

"झकास करून देतो, मावशी. काळजी सोडा."

त्या दिवशी ती दांड्यापर्यंत चालत आली आणि वाटेत कुणाशी भांडली नाही.

वाढदिवस मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला. गुरुवार म्हणजे मार्केटात माशा मारायच्या. अर्धी मुंबई उपास करते. दहा वाजले तरी सुगंधाची भवानी झाली नव्हती. बाजूची पार्वती पण रिकामी, आणि रिकामी पार्वती म्हणजे जळतं लाकूड. शेवटी एक बंगाली बाई आली, सुगंधाच्या पाटीतल्या हलवा माशासमोर वाकली, कल्ला उचलून बघितला. सुगंधा भाव बोलणार, तोच पार्वतीनं त्या बाईचा हात धरून तिला आपल्याकडे ओढलं. "तिचा परवाचा हाय. इकडं या, ताई."

आख्ख्या मार्केटानं श्वास रोखला. पहिल्या गिऱ्हाइकाला हात घालणं म्हणजे काय, हे तिथल्या मांजरांनासुद्धा ठाऊक. कोपऱ्यातल्या म्हातारीनं आपली पाटी मागे सरकवून घेतली. सुगंधाच्या हाताशी कोयता होता. तिनं कोयत्याकडे बघितलं. मग तिनं दोन्ही हात उचलून स्वतःच्या मांडीखाली घातले आणि त्यावर बसली. दात इतके आवळले की कानशिलं दुखली.

"आज मेलीस तू, पार्वती," ती म्हणाली, "पण उद्या."

पार्वतीला वाटलं ही आजारी आहे. तिनं चक्क उरलेला बर्फ देऊ केला.

साडेतीनला दोघी खिडकीशी बसल्या. हेमांगीनं निळा ड्रेस घातला होता, आणि केस असे पुढे घेतले होते की भुवईवरचा व्रण झाकला जाईल. सुगंधानं ते पाहिलं. समोर समुद्र होता, घरासमोरचाच, पण इथून तो धुतल्यासारखा दिसत होता. तीन ताटल्या आल्या. हेमांगीनं दोन्ही हात गालांना लावले. "आई! गार्गीच्यापेक्षा भारी आहे गं हे!"

"खालून सुरू करायचं," सुगंधा ऐटीत म्हणाली. "मग वर जायचं."

पोरगी खात होती आणि बोलत होती. शाळेतल्या बाईंची नक्कल केली. परीक्षेचं सांगितलं. कॉमर्स घ्यायचंय म्हणाली. विक्रोळीचं नाव निघालं नाही. सुगंधा मनात म्हणत होती, नाही जाणार ही. अशी हसतेय म्हणजे नाही जाणार. सकाळपासून तिनं हात आवरले होते, आणि आता ते टेबलावर मोकळे पडले होते, लिंबाचा वास येत होता त्यांना. तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

मधली ताटली रिकामी झाली होती, खालच्या ताटलीत फक्त सँडविचचा एक तुकडा राहिला होता. सुगंधानं तो शेवटी खायला ठेवला होता. प्रितम मागून आला, रीतीप्रमाणे, आवाज न करता. एका हातात नव्या चहाची किटली होती. दुसरा हात त्यानं सुगंधाच्या खांद्यावरून पुढे काढला आणि ती ताटली उचलली.

पंचवीस वर्षं तुमच्या पाटीत मागून कुणी हात घातला तर तुम्ही काय करता? तेच तिनं केलं. विचार नाही, बघणं नाही. उजवा हात सटकन फिरला आणि प्रितमच्या मनगटावर बसला. आवाज सगळ्या हॉटेलात गेला. ताटली फुटली, किटली उलटली, उकळता चहा प्रितमच्या पंजावर सांडला आणि त्याचे शिंतोडे हेमांगीच्या निळ्या ड्रेसवर, खांद्यावर उडाले. प्रितमनं किंचाळी गिळली आणि हात पोटाशी धरून वाकला.

"अगो बाय, पोळली माझी पोर!" सुगंधा उठली. ग्लासातल्या पाण्यात रुमाल बुडवून पोरीचा खांदा पुसायला तिनं हात उचलला.

आणि हेमांगी खाली गेली. खुर्चीत अंगाची गाठ करून, डावं कोपर कपाळावर, उजवा हात मानेवर, गुडघे छातीशी. इतक्या झटकन, इतकी सराईत, की बघणाऱ्याला कळावं हे शेकडो वेळा केलेलं आहे.

"नको आई, नको! मी काय नाय केलं! मी काय नाय केलं!"

आवाज सोळा वर्षांचा नव्हता. सहा वर्षांचा होता.

सुगंधाचा हात हवेत तसाच राहिला, ओला रुमाल धरून. रुमालातून पाणी ठिबकत होतं. आजूबाजूचे लोक बघत होते, पण तिला ते दिसत नव्हते. तिला ते कोपर दिसत होतं. वर्सोव्याला माहेरच्या घरात, बोंबील वाळवायच्या बांबूखाली, ती स्वतः असंच कोपर धरायची तिच्या आयसमोर. अगदी असंच, डावं वर. हे पोरीला कुणी शिकवलं, हे विचारायची गरजच नव्हती.

तिनं रुमाल टेबलावर ठेवला. सावकाश खाली बसली. प्रितमकडे बघून तिनं हात जोडले. "असू दे, मावशी," तो म्हणाला, आणि हात नळाखाली धरायला आत गेला.

सुगंधानं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यावर बसली.

"खाली घे हात, बाय," ती म्हणाली. "बघ. हात नाय माझ्याकडे."

हेमांगीनं कोपराच्या आडून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग एकेक हात खाली घेतला. केस मागे गेले होते, चार टाक्यांचा व्रण उघडा पडला होता.

"लागलं का गो?"

"थोडंसं. शिंतोडेच होते."

"विक्रोळीचं मना ठाऊक हाय. माणिकला फोन लाव. सांग, रविवारी पोरीला आणून सोडते. परीक्षेची वाट बघायची नाय." सुगंधाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिनं हात काढला नाही. "शाळेला तिकडून ये. तुझा बाप ने-आण करील."

"आई, तू रागावलीस का?"

"नाय गो. खा तू. वरचा मजला राहिलाय."

हेमांगीनं वरच्या ताटलीतला एक केक उचलला. अर्धा खाल्ला. मग तिनं आईचा कप उचलला, टेबलावरून वाकली आणि तो तिच्या ओठांशी धरला. सुगंधानं दोन घोट घेतले.

पाच वाजता मार्केट बसायचं होतं. त्या दिवशी तिची जागा रिकामी राहिली, आणि पार्वती तीनदा उठून रस्त्यावर बघून आली.